शंभर ग्रॅमने चुकणारा काटा

कन्हेरीजवळ रस्त्याच्या कडेला ताईबाईंची खानावळ आहे. आत टेबलं सहा, खुर्च्या चोवीस, त्यांतल्या दोन डुगडुगणाऱ्या. पाण्याचे जग सात, पेले चाळीस. भिंतीवर फोटो दोन, एक भगवान बुद्धांचा, एक बाबासाहेबांचा. दोन्हींपुढे रोज सकाळी ताजी फुलं. गल्ल्यावर बडीशेपेची एक वाटी आणि तिच्या शेजारी गिऱ्हाइकांकडे तारे मागणारी एक चकचकीत पाटी. दारामागच्या खिळ्याला एक ताणकाटा, आणि त्याच्या आकड्याला परवापरवापर्यंत लटकलेली एक ओली छत्री, दोन कापडी पिशव्या आणि एक हेल्मेट.

मित्रांनो, तो ताणकाटा म्हणजे मी. माझं वय झालं आहे, पितळी पट्टी काळवंडली आहे, पण तिच्यावरच्या खुणा अजून वाचता येतात. शून्यापासून दहा किलोपर्यंत, दर पन्नास ग्रॅमला एक रेघ.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला एक, दोन, पाच आणि दहा किलोची वजनं लावून पाहिली. चारही वेळा माझा काटा बरोबर खुणेवर थांबला, तेव्हाच त्याने मला पेटीत ठेवलं. बावड्याच्या बाजारात कळंबच्या आबाजींनी मला विकत घेतलं. त्यांच्याकडे तेव्हा मेंढरं होती. वर्षातून दोनदा मेंढरं कातरली जात आणि लोकरीची गाठोडी माझ्या आकड्याला लागत. लोकर दिसते ढीगभर आणि भरते थोडी, त्यामुळे व्यापारी आणि मेंढपाळ दोघांनाही एकमेकांचा संशय. आबाजी भांडत नसत. गाठोडं लावण्याआधी ते मला वर धरत आणि म्हणत, "आधी रिकामा बघा. दोघं बी बघा." शून्यावर उभा असलेला माझा काटा दोघं बघत, आणि मग मी जे सांगेन ते दोघं ऐकत. माझ्या आयुष्यातला तो मानाचा काळ होता.

पुढे मेंढरं गेली, रानात ऊस आला. आबाजींची लेक धोंडाबाई ताईबाईंच्या खानावळीत स्वयंपाकाला लागली, तेव्हा आबाजींनी मला तिच्या पिशवीत घातलं. त्याला आता बारा वर्षं झाली. सुरुवातीला इथेही माझा दरारा होता. भाजीवाला टोपली खाली ठेवायच्या आधीच हात जोडायचा, "ताईबाई, तेवढा काटा नका काढू, आमाला घाम फुटतो." सगळे हसायचे आणि धोंडाबाई पदराने माझी पट्टी पुसायची. मग भाजी फोनवर सांगितली की तोलून, पिशवीत भरून दारात येऊ लागली. माझं काम संपलं. आकडा रिकामा दिसला की माणसाला काहीतरी अडकवावंसं वाटतं, म्हणून मला पिशव्या लागल्या, मग छत्री लागली.

तरीही मी सुखात होतो. माझं सुख गेलं ते ती पाटी आल्यावर.

हातभर उंचीची पाटी. मध्ये काळ्या ठिपक्यांचा चौकोन, वर पाच पिवळे तारे. त्या चौकोनासमोर फोन धरायचा आणि जेवण कसं होतं ते तारे देऊन सांगायचं. ताईबाई तिला दिवसातून दोनदा पुसायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला आर्जव करायच्या, "तेवढं तारं द्या की हो!" एका दुपारी मी मोजलं. त्या पाटीपुढे एकेचाळीस माणसं वाकली. माझ्याकडे एकच आला, आणि त्याला हेल्मेट अडकवायचं होतं.

मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, आत स्प्रिंग जळेल इतका. हिच्या पोटात स्प्रिंग नाही, हिला वजन म्हणजे काय ते ठाऊक नाही, जेवलेला आणि न जेवलेला हिला सारखाच. तरी ताईबाई संध्याकाळी फोन बघून म्हणायच्या, "चार पूर्णांक सहा झालं, धोंडाबाई!" आणि माझी धोंडाबाई, माझ्या आबाजींची लेक, त्या पाटीकडे बघून हसायची. मी मनात रोज म्हणायचो, पडो एकदा ही तोंडावर.

आणि ती पडली. दोन महिन्यांत तारे चार पूर्णांक सहावरून तीन पूर्णांक आठवर आले. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला आनंद झाला. ताईबाई फोन पालथा ठेवायला लागल्या. पाटीवर धूळ बसली. मी छत्रीच्या भाराखाली मजेत होतो.

त्या आनंदाचा अर्थ मला एका शुक्रवारी कळला. ताईबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पण आत गेल्या नाहीत. चौकटीला हात लावून म्हणाल्या, "धोंडाबाई, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारपासनं बारामतीची एक बाई येतीय स्वयंपाकाला. लोक लिवत्यात, आमटी खारट. तुमचा हात गेला आता."

धोंडाबाईंनी पळी खाली ठेवली. "ताई, बारा वरसं झाली, दोनच वाट्या मीठ घालती मी आमटीला. माझ्या आईची वाटी हाय ही. तिसरी कदी घातली न्हाय."

"मग खारट कसं लागतंय?"

"मी चाखत न्हाय हो. दुसऱ्याच्या ताटाआधी आपल्या जिभंला लावायचं न्हाय, आमच्यात शिकवलंय तसं."

ताईबाईंनाही आमटीची चव माहीत नव्हती. रक्तदाबामुळे त्यांचं आळणी जेवण वेगळं निघायचं. धोंडाबाई स्वतः घरी जाऊन दूध-भाकरी खायच्या. म्हणजे खारट आमटी रोज फक्त गिऱ्हाईक खात होतं, आणि गिऱ्हाईक तोंडावर बोलत नव्हतं.

मी ज्या पाटीच्या पडण्याची वाट बघत होतो, ती माझ्या धोंडाबाईंच्या अंगावर पडली होती.

त्याच दुपारी ताईबाईंची मुलगी पायल पुण्याहून आली. तिने नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली होती. ताईबाईंकडून सगळं ऐकून ती जेवायला बसली, आमटीचा एक घोट घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, खारट आहे. पण भाजीत मीठ अगदी बेताचं आहे. एकाच बाईचा हात एकाच दिवशी आमटीत गेला आणि भाजीत राहिला?"

"मला काय ठावं? लोकांनी लिवलंय, बघ."

पायलने फोन घेतला आणि वहीत खुणा करत गेल्या दोन महिन्यांतली सगळी मतं वाचली. एकूण सत्तावीस. आमटी खारट म्हणणारी चौदा. नुसते तारे, शब्द नाही, अशी सहा. गाडी लावायला जागा नाही, तीन. आलो तेव्हा बंद होतं, दोन. राहिलेली दोन वाचताना ती थांबली. दोघांनी लिहिलं होतं, भिंतीवरचे फोटो बघून न जेवताच उठलो, एक तारा.

ताईबाईंनी ती आधीच वाचली होती. उठून त्यांनी बाबासाहेबांचा फोटो किंचित तिरका झाला होता तो सरळ केला आणि परत येऊन बसल्या.

"आई, ही दोन जेवणाची मतं नाहीत. पार्किंगची आणि बंदची पण नाहीत. पण तारे सगळ्यांचे एकत्रच मोजलेत." पायलने वही मिटली. "लोक ताटात काय ठेवतात ते बघू या. काटा आहे का आपल्याकडे?"

कितीतरी वर्षांनी माझ्याबद्दल कुणीतरी विचारलं होतं! धोंडाबाईंनी छत्री काढली, हेल्मेट काढलं, पिशव्या काढल्या आणि मला पदराने पुसलं. मी छाती फुगवली. आता लोकर नाही तर निदान भाजी तरी लागेल.

लागली खरकट्याची बादली.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! त्या पाटीपुढे माणसं वाकतात आणि माझ्या आकड्याला उष्टं. पण खरी भीती वेगळीच होती. पायलने बादली लावण्याआधी मला वर धरलं, अगदी आबाजींसारखं, आणि रिकामा काटा डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिला. वर्षानुवर्षं भार लटकत राहिल्याने माझी स्प्रिंग ताणली आहे. आकडा रिकामा असला तरी माझा काटा शून्यावर येत नाही, शंभर ग्रॅमवर थांबतो. ही गोष्ट मी सगळ्यांपासून लपवली होती. आता ती मला भंगारात टाकणार, असं मी धरून चाललो.

तिने एक किलोची साखरेची पिशवी लावली. अकराशे. दोन पिशव्या लावल्या. एकवीसशे.

"काटा चुकतोय," पायल म्हणाली. "पण दर वेळी शंभरच ग्रॅमने. मग चालेल. शंभर वजा करायचे."

धोंडाबाई कौतुकाने म्हणाल्या, "आबांचा हाय त्यो."

शनिवारी दुपारी पायलने दोन बादल्या ठेवल्या, एक उरलेल्या आमटीची, दुसरी बाकी सगळ्याची. ताटं झाली एकसष्ट. भाजी, भाकरी आणि भात मिळून एक किलो शंभर. नुसती आमटी पाच किलो साडेचारशे. बादल्यांचं वजन आणि माझी चूक दोन्ही वजा करून.

कोपऱ्यातल्या टेबलावर नाना बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, रोजचे गिऱ्हाईक. पायलने त्यांना विचारलं, "नाना, आमटी कशी होती?"

"झकास!" नाना स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

"मग वाटी भरलेली कशी? आणि पाण्याचे पेले चार?"

नाना ओशाळले. आवाज खाली आणून म्हणाले, "अगं पोरी, जी बाई ऊन ऊन भाकरी वाढती, तिला तोंडावर खारट कसं म्हनायचं? फोनवर लिवलंय मी. तितं कुनाचं तोंड दिसत न्हाय."

"किती तारे दिलेत?"

"दोन. पन बाई चांगली हाय असं बी लिवलंय!"

पायल हसली आणि स्वयंपाकघरात गेली. "धोंडामावशी, भाजीत मीठ कसं घालता?"

"चिमटीनं. भाजी बघायची, घालायचं. आमटीला वाटीनं."

"वाटी तीच, वाट्या दोनच. मग बदललं काय?" तिने मिठाचा डबा उघडला. आत पांढरं, बारीक, भुरभुरणारं मीठ होतं. "हे आधीपासून वापरता?"

"न्हाय. आधी जाडं यायचं, खडं. दोन महिने झालं ताई बारामतीच्या मोठ्या दुकानातनं हे आनत्यात. एकावर एक मिळतंय म्हनून."

दारात उभ्या असलेल्या ताईबाई एकदम आत आल्या. "मीठ ते मीठच की गं. त्यात काय फरक?"

"बघू या ना." लोणच्याच्या बरणीमागे जाड मिठाची दोन किलोंची पिशवी अर्धी उरली होती, ती पायलने शोधून काढली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला. एका वाटीचं वजन मला नेमकं सांगता येत नाही, माझी रेघ पन्नास ग्रॅमची आहे. पण त्या मुलीला माझ्या मर्यादा माझ्यापेक्षा जास्त कळत होत्या. म्हणाली, "एक नको. दहा वाट्या घाला. काठोकाठ भरून, बोटाने सपाट करून. नेहमी घालता तशाच."

धोंडाबाईंनी दहा वाट्या जाडं मीठ एका पातळ पिशवीत मोजून घातलं. पिशवी माझ्या आकड्याला लागली. हेलकावे थांबेपर्यंत तिघी थांबल्या. साडेआठशे. माझे शंभर वजा, साडेसातशे ग्रॅम.

मग दहा वाट्या बारीक मीठ. अकराशे. माझे शंभर वजा, एक किलो.



"खड्यांच्या मध्ये जागा राहते," पायल सांगू लागली. "बारीक मीठ ती जागा भरून टाकतं. वाटी तीच, पण मीठ जास्त. दोन वाट्यांना पन्नास ग्रॅम जादा. मावशी, तुमचा हात कुठेही गेलेला नाही."

धोंडाबाईंनी आईची वाटी दोन्ही हातांत धरली होती.

ताईबाईंनी माझी पट्टी पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी खारट मीच केली. आन् बोलले तुमाला."

"तुमी तरी मुद्दाम केली का, ताई."

"तसं न्हाय. चूक ती चूक." ताईबाईंनी तिथेच बारामतीला फोन लावला आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून वळल्या. "धोंडाबाई, एक सांगते. उद्यापासनं आमटी चाखायची. तुमच्यात शिकवलं नसलं तरी चाखायची. न्हायतर मला द्या, मी एक घोट घेते."

"घोटभर बी नको तुमाला. डागतर वरडंल," धोंडाबाई म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदा हसल्या. "चाखते मी."

पायलने वाटीच्या आत, अर्ध्यावर, खिळ्याने एक बारीक रेघ ओढली. बारीक मीठ दीड वाटी.

मित्रांनो, माझा हेवा संपला असं मी म्हणणार नाही. ताईबाई त्या पाटीवरची धूळ आता पुन्हा पुसतात आणि माणसं तिच्यापुढे पुन्हा वाकतात. मला ते बघवत नाही. त्या शनिवारी मला वाटलं होतं, पायल तिला उचलून माळ्यावर टाकेल. तिने उलट तिच्याखाली एक चिठ्ठी चिकटवली, 'आमटीबद्दल तोंडावर सांगितलंत तरी चालेल.' नाना ती रोज वाचतात आणि रोज झकासच म्हणतात.

तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा ताणकाटा असेल तर एवढीच विनंती. त्याला खुंटी समजू नका. त्याच्या आकड्याला ओली छत्री लावू नका, पिशव्या लटकत ठेवू नका. आमची स्प्रिंग एकदा ताणली की पहिल्यासारखी होत नाही. काम झालं की आकडा रिकामा करा आणि पट्टी कोरड्या फडक्याने पुसा. आणि काटा चुकत असेल तर टाकून देण्याआधी तो किती चुकतो ते मोजा. माझी शंभर ग्रॅमची चूक आता माझ्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिलेली आहे. आधी मला तिची लाज वाटायची.

छत्रीसाठी ताईबाईंनी वेगळा खिळा ठोकला.

सोमवारी दुपारी धोंडाबाईंनी दीड वाटी मीठ घातलं, पळीतली थोडी आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि पातेलं बाहेर पाठवलं. जेवणं उरकल्यावर पायलने मला वर धरलं, रिकामा काटा पाहिला आणि बादली लावली.

ताटं चौसष्ट. उरलेली आमटी, बादली आणि शंभर ग्रॅम वजा जाता, साडेतीनशे ग्रॅम.