डाव्या दाराची पट्टी

खाजाभाईंनी पट्टी दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि गाडीच्या खिडकीच्या वरच्या कडेला टेकवून ती अंगठ्यानं दाबत पुढं नेली. एकेक क्लिप टक् करून बसत गेली. सोलापूरहून नवं क्रोम चढवून आलेल्या या पट्ट्या तीन दारांवर सकाळपासून निमूट बसल्या होत्या. चौथी, पुढच्या डाव्या दाराची, कोपऱ्याशी येऊन अडली. दोन सूत बाहेर राहिली.

त्यांनी ती काढली, क्लिपा सरळ केल्या, नव्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून डकवलेला कागद नीट केला आणि पुन्हा लावली. पुन्हा दोन सूत.

“काय झालं?” खुर्चीत बसलेल्या कृष्णराजनं विचारलं. अँबेसेडर त्याच्या वडिलांची, महारुद्रअप्पांची. पुढच्या आठवड्यात पुण्याला जुन्या गाड्यांच्या फेरीत ती न्यायची होती. त्यासाठी मुरुम गावच्या या पत्र्याच्या शेडमध्ये ती पाच महिने उभी होती.

“चौकट वाकलीय, मालक. पट्टीचा दोष न्हाय.”

“कशानं वाकली, चाचा?” कृष्णराजच्या मुलीनं, शिवांजलीनं विचारलं. ती सकाळपासून फोनवर सगळं टिपत होती.

उत्तर कृष्णराजनं दिलं, तिच्या फोनकडं बघत, निवांतपणे.

“अपघात झाला होता. एकतीस वर्षं झाली. खाजाभाई तेव्हा आमच्याकडं ड्रायव्हर होते. जळकोटच्या पुढं एक सायकलवाला आडवा आला आणि यांचा ताबा सुटला. मी शेजारीच बसलो होतो. पोरगा गेला बिचारा. पण अप्पा यांना एका शब्दानं बोलले नाहीत. तशी माणसं आता राहिली नाहीत.”

खाजाभाईंनी मान वर केली. त्या दिवशी शेजारी ते बसले होते. स्टीअरिंगवर एकोणीस वर्षांचा कृष्णराज होता, आणि “हळू घ्या, धाकलं मालक,” हे त्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं होतं. संध्याकाळी महारुद्रअप्पा म्हणाले होते, “पोराचं सगळं आयुष्य पुढं आहे, खाजा.” एवढंच. नऊ महिन्यांची कैद, गेलेलं लायसन, आणि नंतर हे पत्रे ठोकण्याचं काम.

पोरीसमोर सावरून घेतोय, असं त्यांना वाटलं. मग निदान नजर तरी चुकवेल. कृष्णराजनं नजर चुकवली नाही. तो खरंच आठवून सांगत होता.

“सॉरी हं चाचा, मी उगाच विचारलं,” शिवांजली हळू आवाजात म्हणाली आणि तिनं फोन खाली घेतला.

“काय न्हाय, बेटा.”

“चौकट आता राहू द्या,” कृष्णराज म्हणाला. “पट्टीच घासून बसवा. दिसलं नाही म्हणजे झालं.”

खाजाभाईंनी कानस घेतली. रबराखाली झाकलं जाणारं टोक त्यांनी थोडं थोडं घासलं, चार वेळा लावून पाहिलं. पाचव्या वेळी पट्टी बसली. कुणी सांगूनही समजलं नसतं.

घरी त्यांची बायको ताहेराबी तांदूळ निवडत होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“उस रोज गाडी मैं नै चला रहा था.”

तिचा हात थांबला. “कौन?”

“कृष्णराज.”

“मेरेकू बी नै बोले तुमे?”

“अप्पाकू जबान दिया था. इत्ते दिन उसकू मालूम था, मेरेकू मालूम था. अब वो बी भूल गया.”

ताहेराबीनं सूप बाजूला सारलं. नवरा तुरुंगात असताना ती एकटी जळकोटला गेली होती, अपघातात मेलेल्या शंभूच्या आईकडं, कडूबाईकडं. पहिल्या वर्षी कडूबाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी अंगणात उभी राहू दिली. पुढं ओसरीवर बसू दिलं, आणि मग दर ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन जाणं कधी चुकलं नाही.

“मैं किसके वास्ते उसके पावां पकडी?” ती म्हणाली.

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. सकाळी मात्र ती चपला घालून दारात उभी राहिली. “चलो. उसकू बोलो.”

कडूबाई ओसरीवर उन्हाला बसली होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं. ताहेराच्या सोबत कोण आलंय हे कळल्यावर तिनं पदर सावरला. इतक्या वर्षांत खाजाभाई या घरी पहिल्यांदाच आले होते. त्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नावासकट.

कडूबाईनं ऐकून घेतलं. गुडघा चोळत तिनं विचारलं,

“मग येवढी वरसं बोलला का न्हाईत?”

“शब्द दिला हुता.”

“आन् आता?”

क्रोमची पट्टी, पोरीच्या हातातला फोन, यातलं काही या ओसरीवर सांगण्याजोगं नव्हतं.

“भाऊ,” कडूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ होता. “उतारवयात माणसाला वझं वाटतं, ठाव हाय मला. पर खोटं बोलू नगा. म्या तुमाला कवाच माफ केलंय. लई जड गेलं, पर केलं. हिच्या तोंडाकडं बघून केलं. आता नवं नाव सांगू नगा मला. पुन्यांदा कुनाला माफ करायचं बळ न्हाय माझ्यात.”

“खोटं न्हाय, आक्का. खुदाची शपथ.”

कडूबाईनं अंधुक डोळे शेजारी वळवले. “ताहेरा, तू सांग. तुझ्यावर इस्वास हाय माझा. हे म्हनत्यात ते खरं हाय का?”

खाजाभाईंनी बायकोकडं पाहिलं. ताहेराबीनंही त्यांच्याकडं पाहिलं, कुणा परक्याकडं बघावं तसं.

“मला तरी कुठं ठाव हाय, आक्का,” ती म्हणाली. “म्या गाडीत न्हवते.”

मग ती उठली आणि त्या घरातल्या चूलखोलीत, चहाचं आधण ठेवायला, आत गेली.