प्रतिक्षिप्त क्रिया

मेंदूच्या हुकमाशिवाय माणसाला आपणहून पायाचं बोटही हलवता येत नाही, हे वाक्य केवळराम मास्तरांनी नवेगाव बांधच्या शाळेत एकवीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी कपाटाच्या चावीचं टोक खाटेवर पडलेल्या रत्नपालच्या तळव्यावरून ओढलं आणि त्याचा अख्खा पाय गुडघ्यात दुमडून वर आला.

"पाह्यलं का, सुलोचनाबाई? हलवून राहिला ना माझा पोरगा?"

शेजारच्या सुलोचनाबाई हे तिसऱ्यांदा पाहत होत्या. आज त्यांनी आपल्या सुनेलाही दाखवायला आणलं होतं.

"दिवाळीपर्यंत आंगनात हिंडते, पाहा," म्हणत अनुसयाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अन् गुरुजी, तुमी काऊन तोंड पाडून बसले? हासा ना जी!"

मास्तर हसले. विज्ञानाच्या शिक्षकाला हसून दाखवावं लागेल, असा हा त्यांचा पहिलाच प्रयोग.

रत्नपाल वनखात्याच्या रोजंदारीवर जनावरं मोजायला गेला आणि मचाणावरून पडला. तोवर त्याची अकरा सांबरं मोजून झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. पाठीच्या कण्यातली दोरी तुटली आहे, छातीखालचं आता काही कळणार नाही, काही चालणार नाही. पुढेमागे पाय आपोआप ओढला जाईल, त्यावर जाऊ नका. मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, "आराम करा म्हणाले." दीड महिन्यानं पाय हलला.

चाकाच्या खुर्चीचा अर्ज टेबलावर पडला होता. अर्जुनी मोरगावच्या अपंगांच्या शिबिरात तो द्यायची आज शेवटची तारीख.

"खुर्ची नोको," अनुसयाबाई म्हणाल्या. "पोराच्या डोळ्यासमोर आली तं त्याले वाटन, मायबापानंच आस सोडली." आणि त्या सुलोचनाबाईंना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या.

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. वर्गात करत तसा घसा खाकरला.

"बाबू, पाय हलते ना तुहा... म्हंजे चेतापेशीतून जी वीज जाते तळव्यातून, ते..."

"मेरुरज्जूपर्यंतच जाते," रत्नपाल आढ्याकडे पाहत म्हणाला. "तेथूनच परस्पर वापस. वर मेंदूले पत्ताच नाही. तुमीच तं शिकवलं बाबा, नववीत. आकृतीतला बाण उलटा काढला म्हणून छडी देल्ली होती."

मास्तर चादरीची एक सुरकुती काढू लागले. ती निघाल्यावरही काढत राहिले.

"मंग मायसमोर हासतेस कायले?"

"तिच्या मेंदूपर्यंत तं पोचते ना."

फाटक वाजलं. अनुसयाबाई आत आल्या त्या चावी उचलूनच. तळव्यावरून ओढली. पाय वर आला.

"समजलं का रे, बापू?"

"हो माय," रत्नपाल हसला. "गुदगुल्या होऊन राहिल्या."

मास्तरांनी अर्जाची घडी करून खिशात टाकली. शाळेत जाऊन येतो म्हणाले आणि अर्जुनीच्या एस्टीत बसले.

खुर्ची सोमवारी आली. घराचं दार तिच्यापेक्षा दोन इंचांनी अरुंद निघालं.