पुढे न दिलेली हाक

भर समुद्रात टॉवर नसतो. म्हणून बोटींच्या सोसायटीने प्रत्येक डोलकाठीवर एक पेटी बसवली. एका बोटीची पेटी शेजारच्या बोटीची पेटी पकडते, ती पुढचीची, आणि असं हातोहात मोबाइलवरचं बोलणं किनाऱ्याला पोचतं. मधल्या एकाने हात आखडला की मागचे सगळे मुके.

घरातल्या थोरल्या सुनेचा, थोरलीचा, नवरा तसाच मुका गेला. वादळात त्याचं इंजिन बंद पडलं. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एकच बोट होती, त्याच्या पाठच्या भावाची. "माझ्यापर्यंत काही आलंच नाही, वहिनी," म्हणत धाकटा तिच्यासमोर ढसाढसा रडला होता. तिनेच त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

पुढे सोसायटीने तिला सगळ्या पेट्यांवर लक्ष ठेवायला किनाऱ्यावरच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. एकदा पंपाचं वायसर आणायला ती गॅरेजात गेली, तर आतल्या बाजूला धाकटा कुणाला तरी शहाणपण शिकवत होता. "अरे, पेटीतलं 'पुढे पाठवा' बंद कर. लोकांचे निरोप वाहायला आपण काय हमाल आहोत? माझी पहिल्यापासून बंद आहे. मोबाइलवर मॅच कशी लोण्यासारखी चालते बघ."

वायसर घेऊन थोरली घरी आली. कुणाला काही बोलली नाही. हात जोडून बसली, पण त्या दिवशी तिला देवाकडे काय मागावं ते सुचेना. मग सुचलं.

सोसायटीच्या बैठकीत ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "जी पेटी दुसऱ्याचं पुढे देत नाही, तिचंही कुणी देऊ नये. पेट्यांनाच तसं शिकवता येतं."

"आणि कुणी अडचणीत असला तर?" म्हाताऱ्या तात्यांनी विचारलं.

"त्याची हाक मी खोलीतून सोडेन. माझं लक्ष असतं."

सगळ्यांनी हात वर केले. धाकट्यानेही केला. त्याचं म्हणणं, नियम काय, होतच असतात. त्याचं इंजिन मात्र कधीपासून खोकत होतं, आणि ते थोरलीला ठाऊक होतं.

पेट्यांना नियम शिकवून झाला, आणि लगेचच एका दुपारी धाकटा एकटाच बोट घेऊन गेला होता. वारा चढला तशी त्याची बायको खोलीत येऊन बसली.

"ताई, यांचं काही आलं का हो?"

"इथवर काही आलेलं नाही."

खोटं ती बोलत नसे. पडद्यावर धाकट्याच्या बोटीपुढे लाल ठिपका उमटला होता. म्हणजे तात्यांच्या पेटीने त्याची हाक अडवून नुसती तशी खूण पाठवली होती. मग दुसरा ठिपका, मग तिसरा. थोरली पदराने चष्मा पुसत राहिली. ओरडू दे. घसा बसेपर्यंत ओरडू दे. उन्हं कलली तेव्हा तिने त्याची वाट मोकळी केली, आणि सगळ्या बोटींचा आवाजही एकत्र जोडला.

"कुणी आहे का... वहिनी? इंजिन गेलंय. पाणी शिरतंय आत."

"ऐकतेय, भाऊजी. सगळेच ऐकतायत. तात्या तुमच्या जवळच आहेत."

"मग पाठवा ना त्यांना."

"पाठवते. हे गेले त्या दिवशी तुमची पेटी चालू होती का?"



"वहिनी, ही काय वेळ आहे विचारायची?"

"मला घाई नाही."

"...बंद होती."

"नीट सांगा. मागच्या बोटींना कळलं पाहिजे."

"बंद ठेवली होती मी. मॅच बघत होतो. दादाची हाक माझ्यामुळे अडली. झालं समाधान?"

जाऊ खुर्चीतून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"थोरल्या सूनबाई," तात्यांचा आवाज आला, "जाऊ की नको मी?"

"जा, तात्या. दोर द्या, जपून आणा. बुडाला तर सुटेल तो. मला तो रोज या धक्क्यावर हवाय."

तात्यांचं इंजिन घरघरलं.

"तात्या, किती वेळ लागेल?" धाकट्याने विचारलं. "तात्या? अरे, कुणीतरी बोला."

ऐकू सगळ्यांना येत होतं. कुणी बोललं नाही.