कूलरमधल्या अळ्या

हुडकेश्वरच्या त्या घरात मुकुंदरावांवर सोपवलेली एकच गोष्ट होती: नातीचे पाच मासे. मेघा पुण्याला शिकायला जाताना टाकी त्यांच्या खोलीत ठेवून गेली. नखाएवढे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, गोबी जातीचे. दिवसभर वाळूवर बसून राहायचे.

"तुमच्यासारखेच आहेत बाबा," सून कामिनी म्हणायची. "हलाचं नाही अन् खायले मात्र ताजंच पाहिजे."

ते खरंच होतं. दुकानातलं सुकं खाद्य गोबी तोंडात घेऊन थुंकून टाकत. त्यांना वळवळणारंच लागे. माशांवरची दोन पुस्तकं चाळल्यावर मुकुंदरावांना मागच्या अंगणातल्या बंद कूलरच्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या. रोज सकाळी ते चहाच्या जुन्या गाळणीने त्या काढत, दोनदा धूत, मग टाकीत सोडत.

"डेंग्यू पोसून राहिले तुम्ही घरात! मेघा दसऱ्याले येईपर्यंत चालवून घेते. तोवर मेले ना, तर टाकी भंगारवाल्याले."

दसऱ्याच्या चार दिवस आधी ते कूलरशी गेले तेव्हा कामिनी तिथेच कपडे वाळत घालत होती. त्या दिवशी अळ्या सुस्त होत्या, आपणहून आल्यासारख्या गाळणीत आल्या. मुकुंदरावांना बरंच वाटलं. गोबी मंद, चपळ अळी त्यांच्या तोंडातून निसटते.

"आज भरपूर मिळाल्या," ते न राहवून म्हणाले.

"घ्या ना बाबा. पोटभर खाऊ द्या त्यायले."

इतकी गोड ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

पाचही जण पोट फुगेपर्यंत जेवले. दुपारी ते गोल गोल फिरून काचेवर आपटू लागले. मुकुंदरावांनी दोनदा पाणी बदललं. संध्याकाळी पाचही वाळूवर आडवे पडले होते.

कूलरमागे त्यांना डास मारायच्या औषधाची रिकामी बाटली दिसली.

"हे कधी टाकलं?"

"कालच."

"मग सकाळी सांगायचं होतं..."

"मले वाटलं, एवढी पुस्तकं वाचता, समजत असन तुम्हाले."

दसऱ्याला मेघा आली तेव्हा टाकीच्या जागी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. काय सांगायचं ते मुकुंदरावांनी चार दिवस मनात घोकलं होतं.

"आजोबा, काय झालं हो? नीट सांगा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. "सांगा ना बाबा," कामिनी आतून म्हणाली. "त्या दिवशी अळ्या धुतल्या होत्या ना?"

त्यांनी तोंड उघडलं. धुतल्या होत्या. दोनदा. की ते आदल्या दिवशी? सुस्त अळ्या पाहून शंका यायला हवी होती, दुसऱ्या कुणालाही आली असती.

"बहुतेक नसतील धुतल्या," ते म्हणाले.

"एवढंच तर काम दिलं होतं तुम्हाला," मेघा म्हणाली आणि आत गेली.

"जाऊ दे वं," आतून कामिनीचा आवाज आला. "म्हातारे झाले ते."

लाटणं पुन्हा चालू झालं.