रंधा मारलेली दारं

घर सरळ करायची हौस माझ्या मुलाची, गार्थची. माझं घर वाकडंच बरं होतं.

आमच्या रेजायना शहराची माती ओलीनं फुगते, उन्हानं आक्रसते आणि वरच्या घराला सुखानं बसू देत नाही. घराखाली रांगत जाण्यापुरती पोकळी होती. तिथल्या लोखंडी खांबांच्या डोक्याला स्क्रू असायचा. दर वसंतात माझा नवरा ऑर्व्हल पाना घेऊन पोटावर आत सरपटायचा, स्क्रूला थोडा पीळ देऊन घर वर चढवायचा. तरी ते मध्यात खचलंच. मग त्यानं दारांना रंधा मारला. तिरक्या चौकटीत तिरकी दारं, पण एकूण एक लागायचं.

ऑर्व्हल गेला आणि गार्थ बायकोला घेऊन माझ्याकडे राहायला आला. ट्रीना वाईट नाही, पण दार वाजवणं म्हणून तिला ठाऊक नाही. मी आंघोळीहून येईतो माझं कपाट लावून मोकळी.

गार्थ म्हणाला, "आई, खाली खणून पूर्ण तळघर करू. आम्ही खाली, तू वर. जिन्याच्या दाराला खिट्टी, तीही तुझ्या बाजूनं."

त्या खिट्टीसाठी मी हो म्हटलं. स्वतःच्या घरात दार लावून बसता यावं, याहून जास्त काय मागत होते मी?

जॅक लावून अख्खं घर उचललं, कपबश्या कपाटातच. खाली खणलं, भिंती ओतल्या, नवे खांब उभे केले आणि घर परत ठेवलं. गार्थनं स्वयंपाकघरात गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. मग मी दारं लावून पाहिली. एकही लागेना. मागच्या कोठीतून जिना काढला होता, दार तिचंच जुनं; त्याची खिट्टी खाचेपासून बोटभर वर गेली होती.

"गार्थ, एवढं एक दार बघ रे."

"बाबांनी वाट लावून ठेवलीय सगळ्या दारांची. तासलेलं लाकूड परत कुठून आणू?"

"मग खाच सरकव."

"सरकवतो गं. आम्ही काय चोर आहोत?"

"आणि व्हर्ना, तुम्ही आत पडलात-बिडलात तर?" ट्रीना म्हणाली. "उघडंच बरं."

माझ्या पडण्याची काळजी बरी आठवली हिला. पुढे एक दिवस बाजारातून आले तर ही माझ्या खोलीत, ऑर्व्हलचे शर्ट पिशव्यांत कोंबतेय. "कुणाच्या तरी उपयोगी पडतील," म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली तशी मी ऑर्व्हलचा पाना काढला आणि जिना उतरले. तो जिथं पोटावर सरपटायचा तिथं मी ताठ उभी होते, त्यांच्या वॉशिंग मशीनशेजारी. मधला खांब तिथंच, नवा असला तरी डोक्याला तसाच स्क्रू. ऑर्व्हल चढवायचा, मी उतरवलं. अगदी जरासं. मग पुन्हा कधी जरासं. घाई कोणाला होती?

हिवाळा लागेपर्यंत त्यांच्या पलंगावरच्या छताला तडा गेला. गार्थ वर मान करून बघायचा आणि म्हणायचा, "नवं काम आहे, घर बसतंय." मी म्हणायचे, बसू दे बाबा.

एका रविवारी खिट्टी खाचेत गेली, लोण्यात सुरी जावी तशी. मी खुर्ची ओढून तिथंच बसले. बऱ्याच वेळानं पायऱ्यांवर पावलं वाजली, मूठ फिरली, दार हललं नाही. मग माझ्या लेकानं पहिल्यांदा दार वाजवलं.

"आई, उघड ना. बाबांचा रंधा कुठे आहे? आमच्या खोलीचं दार लागत नाहीये."

रंधा माझ्या मांडीवर होता.

"शर्टांबरोबर गेला असेल रे," मी आतूनच म्हटलं. "ट्रीनाला विचार."