दोन सांध्यांची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझ्या लाकडी दस्त्याला दोन सांधे आहेत. बंदुकांची पारख असलेला माणूस मला हातात घेतो, दस्त्यावर अंगठा फिरवतो, त्या सांध्यांपाशी थांबतो आणि मला गुपचूप खुंटीवर परत ठेवतो. त्याचे काही चुकत नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा मी एकसंध होते.

अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा आणि पोलादाची एक कांब यांची गाठ पडली आणि माझा जन्म झाला. त्या कारखान्यात किती हातांनी मला घासले, ते मला सांगता येणार नाही. पण माझ्या ठेवणीतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे तिनेच माझे नशीब ठरवले. माझ्या चापाभोवती खाली एक लोखंडी कडी आहे. तिला लिव्हर म्हणतात. ती पुढे ढकलली की उडालेले काडतूस बाहेर पडते, मागे ओढली की नवे आत जाते. ही कडी बरोबर मध्यावर असते. त्यामुळे माणूस उजवा असो की डावरा, माझी कुणाबद्दल तक्रार नसते.

मला विकत घेतले आइनो मात्तिलाने. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलात, मोठ्या सरोवरापासून जवळच, त्याचे घर होते. तो लोखंडाच्या खाणीत काम करायचा. चांगला उंच, ताडमाड माणूस. नवी बंदूक दिसली की त्याचे हात शिवशिवत. त्याच्या भिंतीवर नाना जातीच्या बंदुका होत्या आणि त्या गर्दीत मी एका कोपऱ्यात लटकत असे. मग एका वसंतात खाणीचे छत कोसळले आणि आइनो घरी परतला नाही.

त्याची बायको हेल्मी बुटकी होती, हट्टी होती आणि डावरी होती. मुलगी सिल्विया अजून लहान होती. हिवाळ्यासाठी मांस लागणार होते आणि आता ते हेल्मीनेच आणायचे होते. तिने भिंतीवरच्या सगळ्या बंदुका उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. तिचा भाऊ आर्वो कॉफीचा कप घेऊन समोर बसला होता.

“अगं, त्यानं जिवापाड जपलेल्या आहेत,” आर्वो म्हणाला. “राहू देत की सगळ्या.”

“प्रत्येकीचं काडतूस निराळं. थंडीत बोटं गारठली की मी कुठलं खोकं उघडू?”

“खोक्यावर लिहिलेलं असतं. वाचायचं.”

“तू वाचतोस?”

आर्वोने कॉफीचा घोट घेतला.

“मी डावरी, तू उजवा,” हेल्मी म्हणाली. “पोरगी मोठी झाल्यावर तिला काय जमेल, कुणास ठाऊक. आपल्या शिकारीच्या कॅम्पवर कुणीही हात हलवत येतं आणि बंदूक मागतं. मग जी कुणाच्याही हातात चालेल तीच ठेवायची.”

अशी तिने लिव्हरवाली चौकडी निवडली. पहिली अगदी हलकी, ससे आणि रानकोंबड्यांसाठी, आणि शिकणाऱ्यासाठी. दुसरी जाडजूड नळीची, अस्वल फार धीट झाले तर उपयोगी पडणारी. आणि आम्ही दोघी बहिणी, हरणाच्या शिकारीच्या. एक आखूड, एक मी, जरा लांब. आमचे काडतूस एकच, त्यामुळे एका खोक्यावर दोघींचे भागे. बाकीच्या बंदुका विकल्या गेल्या. त्या हिवाळ्यात घरात सरपण आले, सिल्वियाला बूट आले, आणि भिंतीवर पांढरे पट्टे राहिले.

मग हेल्मीने करवत काढली. आखूड बहिणीचा दस्ता तिने स्वतःच्या हाताच्या मापाने कापला. काही वर्षांनी, सिल्वियाला शिकवायची वेळ आली तेव्हा, माझाही कापला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण कापलेला तुकडा तिने टाकला नाही. फडक्यात गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवला.

सबंध उन्हाळा तिने मुलीला काडतूस दिले नाही. घरामागच्या कुरणात दोघी उभ्या राहत आणि मी रिकामी असे.

“नळी कुणाकडे वळवायची नाही,” हेल्मी सांगे.

“पण रिकामी आहे ना.”

“माणसं मरतात ती रिकाम्या बंदुकीनंच. आता डोळे मीट. खांद्याला लाव. उघड. काय दिसतं?”

“मागची खाच दिसते. पुढची माशी दिसत नाही.”

“मग अजून ती तुझी नाही झाली. आण इकडे.”

आणि ती आणखी थोडे लाकूड किसून काढी. डोळे मिटून खांद्याला लावलेल्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, डोळे उघडताच नेमकी खाचेत दिसली पाहिजे. मान वाकवायची नाही, हात ताणायचा नाही. हेल्मीच्या लेखी बंदूक कुणाची हे ठरवायची हीच एक कसोटी होती. पावतीवर कुणाचेही नाव असो.

मित्रांनो, ती माझी कामाची वर्षे. नोव्हेंबरच्या मध्यावर हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडला की आम्ही चौघी गाडीतून कॅम्पवर जात असू. कॅम्प म्हणजे दलदलीच्या कडेला ओंडक्यांची एक खोली आणि तिच्यामागे सौना, म्हणजे लाकडे पेटवून तापवायचे वाफेचे न्हाणीघर. सिल्विया चांगला नेम धरी. पण ती कोटाच्या एका खिशात काडतुसे आणि दुसऱ्यात पुस्तक ठेवी, आणि हळूहळू दुसरा खिसा जड होत गेला. कितीतरी हरणे आमच्या समोरून डुलत गेली आणि तिने पान उलटले. मी हे कुणाला सांगितले नाही.

सोळाव्या वर्षी ती म्हणाली, “आई, या वर्षी मी येत नाही. वाचायचंय.”

“बरं,” हेल्मी म्हणाली आणि वेलदोड्याच्या पावाला लोणी लावत राहिली.

सिल्विया शिकायला गेली आणि मग दूरच्या डुलूथ शहरातल्या ग्रंथालयात नोकरीला लागली. नाताळात ती घरी येई, जुलैत येई. नोव्हेंबरात मात्र ती कधी आली नाही. हेल्मीनेही तिला कधी ये म्हटले नाही. दर नाताळात ती मुलीसाठी एक स्वेटर विणून ठेवी. बाह्या कोपरांवर विरल्या की तो दुरुस्तीला तिच्याकडेच परत येई.

असाच एक स्वेटर एका शरद ऋतूत टेबलावर पडला होता. हेल्मीने मला खुंटीवरून काढले, स्वेटरशेजारी आडवे केले आणि त्याची बाही माझ्या दस्त्यापासून चापापर्यंत ताणून पाहिली. तेवढ्यात आर्वो दारातून आत आला.

“हे काय चालवलंयस?”

“माप घेतेय.”

“कुणाचं?”

बटणांच्या डब्यातून माझा जुना तुकडा काढून तिने तो जागेवर लावला. तो पुरेना. सिल्विया बापावर गेली होती, तिचे हात लांब होते. मग हेल्मीने अक्रोडाची आणखी एक चकती कापली, मधे घातली, खुंट्या ठोकल्या आणि सरस लावला. रेषेला रेष जुळावी म्हणून तिने खूप खटपट केली. पण लाकूड निराळ्या झाडाचे होते, ते जुळले नाही.

“ती येणार आहे का या वर्षी?” आर्वोने विचारले.

“मी कुठं तसं म्हटलं?”

इथून माझ्या आयुष्यातला लटकण्याचा काळ सुरू झाला. दर नोव्हेंबरात मला कॅम्पवर नेत आणि तिथल्या खुंटीवर अडकवत. मी आता हेल्मीला लांब पडत होते. दुसऱ्या कुणी हात घातला तर ती म्हणे, “ती नको, लिव्हर अडकते तिची.” मित्रांनो, माझी लिव्हर आजतागायत एकदाही अडकलेली नाही. शिकार संपली की ती चौघींना तेलाच्या फडक्याने पुसायची, आणि जिने एक गोळीही झाडलेली नसायची त्या मलाही तितकाच वेळ द्यायची.

पुढे तिचे गुडघे धरले. ती कॅम्पवर यायची ती शेगडीशी बसायला. तेव्हा नोरीन बोद्री येऊ लागली. नोरीन रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी मोठी गाडी चालवते. ती इतकी ठेंगणी आहे की गाडी रिकामीच चालली आहे असे लांबून वाटते. तिच्याकडे स्वतःची बंदूक नव्हती. हेल्मीने आपली आखूड रायफल तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “डोळे मीट.” ती तिला पहिल्याच खेपेला बसली. दर वर्षी शिकार झाली की नोरीन ती पुसून, दोन्ही हातांनी हेल्मीला परत करी.

गेल्या सप्टेंबरात हेल्मी गेली.

नोव्हेंबर आला. कॅम्प आता आर्वोचा झाला होता. सिल्विया इतक्या वर्षांनी तिथे आली आणि आपला कोट तिने दाराजवळच्या खिळ्याला न बघता अडकवला. आर्वोने सौना तापवून ठेवला होता. नोरीन किटली चढवत होती.

“हे बघ सिल्विया,” आर्वो म्हणाला, “चार बंदुकांना तेल लावणं आता या म्हाताऱ्याच्यानं होत नाही. छोटी राहू दे, अस्वलाची राहू दे. पण या दोघी बहिणी एकाच काडतुसावर जगतात. एक पुरे. दुसरी उद्या गावातल्या दुकानात देऊन टाकतो. कुठली ठेवू, तू सांग.”

“आईची,” सिल्विया लगेच म्हणाली.

माझा निकाल लागला, असे मला वाटले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटले असते. दुकानात माझे काय होईल तेही मला माहीत होते. सांध्यांपाशी अंगठा थांबेल आणि मला मागच्या ढिगात टाकतील.

“डुलूथला नेतेस?” आर्वोने विचारले.

“नेते. भिंतीवर लावीन.”

“तिला आवडलं नसतं ते.”

“तिला आता विचारता येत नाही ना, मामा.”

आर्वो आखूड रायफल तिच्यापुढे धरत म्हणाला, “खांद्याला लावून तरी बघ. रिकामी आहे का ते आधी बघ.”

सिल्वियाने लिव्हर उघडून आत पाहिले, बोट घालून पाहिले. नळी कोऱ्या भिंतीकडे केली, डोळे मिटले आणि आईची रायफल खांद्याला लावली. दस्ता इतका आखूड की तिचा स्वतःचाच अंगठा तिच्या नाकावर आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“बघ,” आर्वो म्हणाला, “गेली तरी चापट मारायचं सोडत नाही.”

नोरीन हसली आणि मग हसल्याबद्दल ओशाळली. सिल्वियाही हसत होती. नाक चोळत तिने मला खुंटीवरून काढले.

“ही माझी होती ना? ही तर लहान होती.”

तिने मला उघडून पाहिले, डोळे मिटले आणि खांद्याला लावले. तिचा गाल माझ्या लाकडावर टेकला. तिने डोळे उघडले. माझी माशी खाचेत होती, नेमकी, मधोमध. तिने मान हलवली नव्हती, हात ताणला नव्हता. ती मला खाली घेईना.

“मामा,” ती तशीच उभी राहून म्हणाली, “ही कुणी वाढवली?”

“दुसरं कोण वाढवणार?”

“माझ्या मापाची कशी? मी इथे नव्हते.”

“तुझे स्वेटर होते की.”

तिने मला सावकाश खाली घेतले आणि दोन्ही सांधे पाहिले. तिचा अंगठा तिथे थांबला.

“मग ती मला म्हणाली का नाही? एकदा तरी. ये म्हणून.”

आर्वोला हे कठीण गेले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, “आपल्यात कोण कुणाला ये म्हणतं, पोरी? सौना पेटवून ठेवायचा. ज्याला यायचं त्याला धूर दिसतो.”

“डुलूथहून धूर दिसत नाही, मामा.”

“नाही,” आर्वो म्हणाला. “तेही खरंच.”

ती बाहेर जाऊन सौनाच्या पायरीवर बसली. कुणी तिच्या मागे गेले नाही. परत आली तेव्हा तिच्या केसांवर बर्फ होता. तिने आईची आखूड रायफल उचलली आणि नोरीनसमोर धरली.

“तुला बसते ना ही?”

“बसते. पण ती काकूंची आहे.”

“तिला बसायची, आता तुला बसते. मला नाकावर मारते.”

“अगं, मी दुकानातून घेईन दुसरी एखादी. तू ही घरी ने.”

“नोरीन, घे. नाहीतर मी रडायला लागेन आणि मामाला पळून जावं लागेल.”

मामाने त्याआधीच बादली उचलली होती. सौनाला पाणी कमी पडेल, असे पुटपुटत तो बाहेर गेला. नोरीनने रायफल दोन्ही हातांनी घेतली. या वेळी ती परत द्यायची नव्हती, आणि आता ती कुठे ठेवावी हे तिला बराच वेळ सुचले नाही.

अशी आमची चौकडी मोडली. कॅम्पवर आम्ही तिघी राहिलो आहोत, छोटी, अस्वलाची आणि मी. आमच्या तिघींत कुणाचेही काम अडत नाही. दुकानात आमच्यापैकी कुणीच गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर सिल्विया मला घेऊन दलदलीच्या कडेला जाऊन बसली. हरणे आली की नाही, हे तुम्ही मला विचारू नका. तिच्या खिशात पुस्तक होते, पण तिने ते उघडले नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना गंज चढतो, म्हणून आम्हाला पुसा, कोरडे ठेवा, लहान हातांपासून दूर कुलपात ठेवा. पण मला याहून मोठे मागणे मागायचे आहे. तुमच्या घरातही कुणीतरी कुणासाठी काहीतरी मापाचे करून ठेवले असेल. एखादी खुर्ची, एखादी रजई, जेवणाच्या पंगतीतली एखादी जागा. ती वस्तू आपण होऊन बोलेल, अशी वाट पाहू नका. मी कितीतरी नोव्हेंबर एका मुलीचे माप अंगात घेऊन भिंतीवर लटकत होते, आणि मला तिला हाक मारता आली नाही. तुम्हाला येते. ज्याच्यासाठी केले असेल त्याला आजच सांगा, की तुझ्यासाठी केले आहे, ये.