आई वेळेवर आली

लॉन्ड्रीत तिला सगळे ‘वाफ’ म्हणायचे. वाफेच्या इस्त्रीवर हॉटेलांच्या चादरी दाबायची म्हणून नव्हे. ते काम आणखी तिघी करत होत्या. ही एकदा भडकली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही, म्हणून. आणि हल्ली ती रोजच भडकलेली असायची.

कारण तिची लेक. दुसरीतली. शाळा सुटायची तेव्हा आईसमोर चादरींचा ढीग तसाच पडलेला असायचा. हातातलं काम टाकून, धापा टाकत फाटकाशी पोचावं, तर शाळेला कुलूप. रस्त्याकडेला कोणीतरी सिमेंटचे मोठाले पाइप आणून टाकले होते आणि विसरून गेले होते. तिथे ही पोरगी आणि तिच्यासारखीच उशिरा घरी जाणारी चार-पाच पोरं. केस पिंजारलेले, गुडघे सोललेले, मोज्यांचा रंग ओळखू येत नाही. ‘माझं लेकरू बेवारशासारखं रस्त्यावर पडतंय,’ या विचाराने तिच्या जिवाची नुसती काहिली व्हायची.

शेवटी ती सुपरवायझरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“मला पहाटेची शिफ्ट द्या.”

“जागा नाही.”

“जागा नाही? मग तुमच्या मेव्हणीला परवा कुठून मिळाली? आभाळातून पडली?”

सगळ्या इस्त्र्या थांबल्या. सुपरवायझरने इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने शिफ्ट बदलून दिली. अंधारात उठावं लागणार होतं. उठू! शिवाय तिने पोरीला खेळाच्या क्लासला घातलं. पोरांनी खेळू नये असं कुठली आई म्हणते? पण नीट खेळावं. मैदानावर, बूट घालून, सरांच्या देखत.

पहिल्या दिवशी ती घंटेच्या आधीच फाटकाशी हजर. केस विंचरलेले, चेहरा हसरा. लेक धावत बाहेर आली, आईला पाहिलं आणि जागीच थबकली.

“तू आत्ता का आलीस?”

“का म्हणजे? तुला न्यायला!”

“पण आज माझा नंबर होता!” पोरीने दप्तर जमिनीवर आपटलं. “पाइपात पुढे बसायचा. पुढे बसतो तो गाडी चालवतो. किती दिवस थांबले होते मी!”

आईने तिला दंडाला धरून ओढत क्लासला नेलं. सगळा रस्ता पोरगी भोकाड पसरून रडली. लोक वळून वळून बघत होते. इकडे आईच्या कानशिलात घण पडत होते. कोणासाठी केलं हे सगळं? कोणासाठी त्या सुपरवायझरशी वैर घेतलं?

घरी आल्यावर तिने विचारलं, “झालं ना खेळून?”

“कधी?”

“अगं आत्ता! क्लासला काय झोपा काढल्यास?”

“तो खेळ नाहीये. सर शिट्टी वाजवतात की पळायचं, शिट्टी वाजवतात की थांबायचं. ती शाळाच आहे, फक्त बूट वेगळे.”

“तोंड वर करून बोलू नकोस! त्या घाणीत लोळण्यापेक्षा बरं.”

“आता पाइपातली पोरं मला घेणारच नाहीत,” पोरगी किंचाळली. “ज्यांच्या आया वेळेवर येतात त्यांना आम्ही घेत नाही. ती पोरं अर्ध्यातून उठून जातात. तू उशिरा यायचीस म्हणून मला घेतलं होतं. तू सगळं बिघडवलंस!”

आईचा हात उठला. उठलेल्या हाताने तिने भिंतीवरच्या खुंटीचा टॉवेल ओढला आणि मोरीत भिरकावला. त्या रात्री दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा वेळेवर. पोरगी आली, तिने दप्तर आपणहून आईच्या हातात दिलं आणि मान खाली घालून चालू लागली. पाइपांकडे बघितलंसुद्धा नाही. कालचं रडणं परवडलं असतं. पाइपातून एका पोराने हाक मारायला तोंड उघडलं, तर दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

“तिला नको रे बोलावू. तिची आई आलीये.”

बिचारीबद्दल बोलावं तसं तो बोलला. आई तिथेच थांबली. संताप तर आला, पण काढायचा कोणावर, ते कळेना. सात वर्षांच्या पोरावर?

“हे बघ,” ती लेकीवरच डाफरली, “मला काम आहे. तू थांब इथे.”

पोरीने संशयाने वर पाहिलं. “किती वेळ?”

“मला काय माहीत किती वेळ! उशीर होणार आहे. नेहमीसारखा.”

पोरगी अशी सुटली की दप्तर आईच्याच हातात राहिलं. पाइपात एकच कल्ला उठला. पहाटेपासून उभी असलेली आई कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाशी जाऊन टेकली. तिथून पाइप दिसत होते. डोळे झोपेने मिटत होते आणि स्वतःचाच एवढा राग येत होता की चहा कडू लागत होता. ही शिफ्ट तिनेच भांडून घेतली होती. आता जुनी परत मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक माणूस आला. त्या पाइपातल्याच एका पोराचा बाप, पार्सलं पोचवणारा. तो फाटकाकडे वळणार, तोच ती आडवी गेली.

“आलात कशाला एवढ्यात?”

“आज लवकर सुटलो,” तो आनंदाने म्हणाला. “म्हटलं, पोराला जरा—”

“काही म्हणायचं नाही! गाडी बंद करा. हॉर्न वाजवाल तर खबरदार!”

माणूस भांबावला. त्याने पाइपाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या दप्तराकडे पाहिलं आणि निमूट गाडी स्टँडला लावली. तिने त्याच्यासाठी चहा सांगितला, गरम ग्लास त्याच्या हातात कोंबला.

“आणि सावकाश प्या,” ती खेकसली.